ठणक कमी झाली, तरी सूज बघा

2024 च्या पावसाळ्यात नागपुरात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. आमच्या मानेवाड्याच्या गल्लीतही घराघरांत माणसं आजारी पडली. माझा ताप आठवडाभरात उतरला, सांधे मात्र तसेच राहिले. सकाळी मूठ वळत नसे, पोळी लाटताना मनगटातून कळ निघे, जिना कठड्याला धरून एकेक पायरी उतरावा लागे. दिवाळी झाली तरी तेच. नात्यातल्या, शेजारच्या कितीतरी बायकांचं हेच रडगाणं होतं, आणि प्रत्येकीला कुणी ना कुणी सांगितलेलं असायचं, अ‍ॅक्युपंक्चर करून पाहा न, सुयांनी उतरतं. मी करून पाहिलं. दुखणं कमी झालं, हे आधीच सांगते. तरीही हे लिहिते आहे, कारण या आजारात दुखणं आणि सूज वेगवेगळ्या चालीने जातात, आणि सुई त्यातलं एकच हाताळते.

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. 1973 साली बार्शीत त्याची साथ आली होती. मग तीसेक वर्षं तो साथीच्या रूपात दिसला नाही, आणि 2006 मध्ये आला तो देशभर जवळजवळ 14 लाख संशयित रुग्णांची नोंद करून. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत सुटतात. काहींचे तीन महिन्यांनंतरही दुखत राहतात. त्यातल्या कुणाच्या सांध्यात फक्त ठणक असते, तर कुणाच्या सांध्यात खरोखर दाह असतो. बोटांची पेरं, मनगट, घोटे सुजून गरम लागतात. क्वचित असंही होतं की आत दबून असलेला आमवात या तापाच्या निमित्ताने वर येतो. तो वेळेत ओळखला नाही तर हाडं झिजतात आणि बोटं वाकडी होतात. बाहेरून हे सगळं ‘चिकुनगुन्याचं दुखणं’ म्हणूनच चालतं, हाच धोका आहे.

अ‍ॅक्युपंक्चरसाठी मी पहिल्यांदा गेले तिथे स्टीलच्या तबकात उघड्या सुया मांडलेल्या होत्या. कुणाला वापरलेल्या, कशा धुतलेल्या, विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. शिवाय दीड महिन्याचे पैसे आगाऊ भरा आणि गोळ्या आजपासून बंद करा, असं सांगण्यात आलं. मी तशीच परतले. दूषित सुईतून कावीळ बी आणि सी पसरते. इथे भिडस्तपणा नकोच.

दुसऱ्या ठिकाणी उपचार करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर बंद पाकीट फोडलं. सुई केसासारखी बारीक, इंजेक्शनसारखी पोकळ नसते. टोचताना फारसं कळत नाही, मग त्या जागी जड, बधिर असं काहीतरी पसरतं. वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. मला आधी झोप लागू लागली, मग ठणक उतरली. पण खरं मोलाचं काम बाईंनी वेगळंच केलं. माझ्या मनगटावर बोट दाबून त्या म्हणाल्या, “काकू, दुखणं कमी झालं म्हणता, पण ही सूज गेली नाही. सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, मगच पुढचं बघू.” सांधेतज्ज्ञांनी दाह दाखवणारी सीआरपी आणि आमवाताच्या रक्तचाचण्या केल्या, हातांचा एक्स-रे काढला, औषध बदललं. सूज ओसरली ती त्या औषधाने. ठणक नाही म्हणून मी घरी बसले असते तर सूज आत काम करत राहिली असती.

सुयांचा उपयोग किती, याबद्दल दोन्हीकडे फार ठामपणे बोललं जातं. 2006 साली जर्मनीत गुडघेदुखीच्या 1000 हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत सुया घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम पडला. पण ठरलेल्या बिंदूंवर टोचलेल्या सुया आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, दोन्हींचा गुण जवळजवळ सारखाच निघाला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये, दुसऱ्या कुठल्या आजाराने ज्याचा उलगडा होत नाही अशा जुनाट वेदनेसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करावा असं सांगितलं. म्हणजे वेदनेला उतार पडू शकतो. दाहाने सुजलेल्या सांध्याबद्दल असा आधार नाही.

या विद्येशी नागपूरचं एक नातं आहे, आणि ते विसरलं गेल्याचं मला वाईट वाटतं. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंनी पुढे चीनमध्ये ही पद्धत शिकून 1959 च्या सुमारास कलकत्त्यात सुरू केली. आता महाराष्ट्रात तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, 2017 पासून. तेव्हा उपचार करणाऱ्याची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच कसला!

ताप असताना सुया मुळीच घेऊ नका. आपल्याकडे डेंग्यू आणि चिकुनगुन्या एकाच डासाने, एकाच मोसमात येतात; प्लेटलेट घसरलेल्या असल्या तर टोचणं महागात पडतं. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत वेदनेवर पॅरासिटामॉलच, तीही डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, दिवस गेले असतील तर आधी सांगा. पेसमेकरवाल्यांनी वीजप्रवाह सोडलेल्या सुया घेऊच नयेत. खांद्याच्या मागे आणि छातीवर खोल टोचू देऊ नका, फुफ्फुसाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. सोबत बिननावाची पुडी मिळाली तर ती खाऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत माणूस चालू लागतो आणि इकडे साखर, रक्तदाब वाढत जातो.

सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल किंवा सांधा सुजलेला दिसत असेल, तर सुयांच्या आधी तपासणी. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी डॉक्टरांची फी झेपत नसेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानजवळचं एम्स या सरकारी रुग्णालयांत मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करा, तापाच्या वेळचे सगळे रिपोर्ट सोबत न्या, आणि सुया चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.