जर्मनीची फाईल

जर्मनीत नर्स म्हणून यायची तयारी करणाऱ्या मुलींचे फोन मला सांगली-मिरजेकडून येतात, आता लातूर आणि अमरावतीहूनही येतात. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो : "ताई, एजन्सी कोणती धरू?" मी उलट विचारते, "तुझी ओरिजिनल सर्टिफिकेटं आत्ता कुठं आहेत?" या प्रश्नावर जी अडखळते, तिच्याशी मी जास्त वेळ बोलते.

माझी ओरिजिनल पुण्यातल्या एका एजन्सीच्या कपाटात पडून होती. दहावीच्या मार्कशीटपासून जीएनएमच्या डिप्लोम्यापर्यंत सगळी. "व्हिसाला ओरिजिनलच लागतात" असं सांगून त्यांनी ती ठेवून घेतली. मी मिरजेला आयसीयूत नाइट करायचे, दिवसा जर्मनचा क्लास. दर काही महिन्यांनी एक नवा खर्च पुढे यायचा : रजिस्ट्रेशन, प्रोफाइल, फाईल चार्ज, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का. पैसे थांबवले तर कागद मिळणार नाहीत असं तोंडानं कुणी म्हणालं नाही, पण मागायला गेलं की "साहेब बाहेर गेलेत" हेच उत्तर. वडिलांनी वकिलाची नोटीस धाडली तेव्हा कुठे कागद हातात आले. तिथून पुढची फाईल मी स्वतः केली आणि आज स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात काम करते आहे. त्यात जे कळलं ते घर विकून, दागिने गहाण ठेवून निघालेल्या मुलींना आधी कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की नोकरी, शिक्षणाची मान्यता आणि व्हिसा ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि तिन्हींचे निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी होतात. नोकरी देतं रुग्णालय किंवा वृद्धाश्रम. मान्यता देतं ज्या राज्यात तुम्ही काम करणार तिथलं सरकारी कार्यालय. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ते स्टुटगार्टला आहे. व्हिसा देतो दूतावास. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास. एजन्सी या तिन्हींची मोट बांधून 'पॅकेज' म्हणून विकते आणि म्हणते, "डायरेक्ट स्टाफ नर्स म्हणून जाणार तुम्ही." असं जवळजवळ कधीच होत नाही.

होतं ते असं. जर्मन कार्यालय आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी तासागणिक ताडून पाहतं. २०२० पासून तिथे मुलांची, प्रौढांची आणि वृद्धांची शुश्रूषा असं एकच सामाईक शिक्षण आहे. आपल्याकडे प्रसूतिशास्त्र आणि सामाजिक आरोग्य यांचे तास भरपूर, वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा मात्र कमी. त्यामुळे बहुतेकींच्या हातात 'डेफिझिटबेशाइड' पडतं, म्हणजे कुठल्या विषयात किती उणीव आहे ते सांगणारं पत्र. ते पाहून माझी मैत्रीण रडायला लागली होती. तिला वाटलं नकार आला. तो नकार नसतो. उणीव भरून काढायचे दोन मार्ग त्यातूनच उघडतात : तिथल्या रुग्णालयात ठरावीक महिन्यांचं प्रशिक्षण, किंवा तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. व्हिसाही बहुधा याच पत्रावर, मान्यता पूर्ण करण्यासाठी म्हणून मिळतो. पूर्ण मान्यतेचं प्रमाणपत्र, तिथल्या भाषेत 'उर्कुंडे', हातात येईपर्यंत तुम्ही साहाय्यक म्हणूनच काम करता.

पगारात याचा अर्थ काय, तेही पाहा. १ जुलै २०२५ पासून शुश्रूषा क्षेत्रात प्रशिक्षण नसलेल्या साहाय्यकाला तासाला किमान १६.१० युरो आणि पात्र नर्सला किमान २०.५० युरो द्यावे लागतात. आठवड्याला ३९ तास धरले तर महिन्याला सातशे युरोंहून अधिक फरक पडतो, तोही कर कापायच्या आधीचा. गावी कर्जाचा हप्ता ठरवताना पहिलं वर्षभर तरी साहाय्यकाचाच पगार धरा.

मान्यतेसाठी जो कागद सर्वांत जास्त तोलला जातो, त्याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. तो म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. कॉलेजं गुणांची यादी देतात आणि काम झालं असं समजतात. जर्मन कार्यालयाला गुणांत फारसा रस नसतो. त्यांना तास हवे असतात. वैद्यकीय विभागात किती, शस्त्रक्रिया विभागात किती, बालरोग, मनोरुग्ण, कम्युनिटी, वर्गातले किती आणि वॉर्डातले किती. माझ्या कॉलेजातल्या मॅडमनी जुनी हजेरी रजिस्टरं काढून हे वर्षवार लिहून, सही-शिक्क्यानिशी दिलं, तेव्हा माझ्या उणिवांच्या यादीतले काही विषय गळाले. अनुभवपत्राचंही तसंच. "सदर परिचारिका आमच्याकडे कार्यरत होत्या, वर्तणूक चांगली" या दोन ओळींवर काही मोजता येत नाही. वॉर्ड, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं लेटरहेडवर हवं. आणि ते नोकरी सोडतानाच घ्या. छोटी नर्सिंग होम बंद पडतात, डॉक्टर निवृत्त होतात, मग शिक्का कोण मारणार?

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती खास आपली आहे. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर क्रम निराळा. लग्न झालं की मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनावही बदललेलं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, जर्मन कारकुनाच्या टेबलावर मात्र त्या तीन वेगळ्या बायका असतात. माझं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, आणि एजन्सीच्या कारकुनानं करारनाम्यावर या दोन्हींची भेसळ करून तिसरंच नाव टाकलं. कार्यालयानं ती एकच व्यक्ती असल्याचा पुरावा मागितला आणि फाईल महिनोन्‌महिने अडून राहिली. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी हे दोन्ही भाषांतर करून पहिल्याच दिवशी जोडा. लग्न ठरलंय आणि फाईल सुरू आहे अशा मुलींना मी सांगते, फाईल संपेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नका. घरच्यांना वाईट वाटलं तर त्यांनाही हेच कारण समजावून सांगा.

आता पैशांबद्दल. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. त्याचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि उमेदवाराकडून त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. लाखांची गोष्ट करणारा तिथेच उघडा पडतो. खरं तर नर्सनं भरतीसाठी काहीच देऊ नये, खर्च मालकानं सोसावा, हे तत्त्व जर्मनीतही मान्य आहे. 'फेअर आनव्हेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' हा सरकारी गुणवत्ता शिक्का मिळवायचा तर ते पाळावंच लागतं. केरळमधल्या नर्सेस 'ट्रिपल विन' या सरकारी कार्यक्रमातून भरतीचे पैसे न देता येतात. माझ्या वॉर्डातल्या कोट्टायमच्या सहकारिणीनं हे सांगितलं तेव्हा मला त्या रात्री झोप लागली नाही. महाराष्ट्र शासनानंही २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. आपल्या मुलींना अशी सरकारी वाट मिळायलाच हवी, आणि तिचा पाठपुरावा आपल्या नर्सिंग संघटनांनी जोरानं करायला हवा.

अपोस्टिलच्या नावाखाली तर सर्रास पैसे उकळले जातात. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात सामील झाला, पण जर्मनीनं त्याला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांमध्ये हा करार लागू होत नाही. म्हणून एखाद्या कागदावर कुठलाही शिक्का मारून घेण्याआधी तो ज्या कार्यालयात द्यायचा, त्यांच्या यादीत ती मागणी लिहिली आहे का ते स्वतः वाचा. भाषांतराचंही तसंच; कुठल्या भाषांतरकाराचं चालतं, हे त्या राज्याच्या कार्यालयाला ईमेलनं विचारा. ते उत्तर देतात.

करारनामा जर्मनमध्ये येतो. इंग्रजी सारांशावर सही करू नका. माझ्या पहिल्या करारनाम्यात एक कलम होतं : तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भरतीचा आणि भाषाशिक्षणाचा खर्च मी परत करायचा. सारांशात त्याचा उल्लेखच नव्हता. क्लासच्या सरांनी ते दाखवलं आणि मी सही केली नाही. पद काय लिहिलंय, मान्यतेआधी आणि नंतर पगार किती, परीक्षेच्या तयारीसाठी मोकळे तास मिळणार का, परीक्षेची फी कोण भरणार, राहायची खोली किती महिन्यांसाठी, एवढं तरी कागदावर पाहिजेच.

भाषेत घाई करू नका. व्हिसासाठी अनेकदा जर्मनची बी-वन पातळी पुरते, पण पूर्ण मान्यतेला सहसा बी-टू लागतं. जमत असेल तर बी-टू भारतातूनच करून जा. तिकडे शिफ्ट करून, थंडीत, एकटीनं अभ्यास होत नाही, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे. मॅक्सम्युलर भवनाच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण यांत प्रत्येकी १०० पैकी ६० लागतात, आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. सर्टिफिकेट "मॅनेज करून देतो" म्हणणारा भेटला तर त्याचा नंबर ब्लॉक करा. खोटं उघडकीला आलं की व्हिसाबरोबर पुढचे दरवाजेही बंद होतात, आणि वॉर्डात तर ते पहिल्याच दिवशी उघडं पडतं. डॉक्टरनं सांगितलेला डोस कळला नाही तर जीव रुग्णाचा जातो.

व्हिसाची पायरी त्या मानानं सोपी. फॉर्म, मालकानं भरून दिलेलं नोकरीचं विवरण, मान्यतेचं पत्र, भाषेचं सर्टिफिकेट आणि ७५ युरोंची फी रुपयांत. पासपोर्ट नेहमी स्वतःच्या हातानं द्या आणि पावती जपून ठेवा.

एक कागद मात्र जवळजवळ सगळ्याच जणी विसरतात. जर्मनीत २०२० पासून आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना गोवराच्या लशीचा किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा द्यावा लागतो; तो नसेल तर वॉर्डात पाऊल ठेवता येत नाही. आपल्या पिढीला लहानपणी बहुधा एकच डोस मिळाला आणि त्याचं कार्ड कुणाच्याच घरी सापडत नाही. रक्ताची अँटिबॉडी तपासणी करून घ्या. ती नकारात्मक आली तर दोन डोस घ्यावे लागतील, आणि त्यांच्यात किमान चार आठवडे जायला हवेत, तेव्हा तिकीट काढण्याआधीच हे करून टाका.