वजनाच्या ऑपरेशननंतर घास अडला, तर गप्प बसू नका



मागच्या महिन्यात माढा भागातल्या एका गटाची बैठक चालू होती. बचत गोळा झाली, वहीत सह्या झाल्या आणि सगळ्या उठायच्या बेतात असताना एका ताईनं विचारलं, "मॅडम, ते वजनाचं ऑपरेशन केलं की माणसाला जेवताच येत नाही म्हणतात, खरं का?" दुसरी म्हणाली, "टीव्हीवर ती परदेशातली बाई दाखवली होती बघा, क्रेननं उचललेली. तिचं काय झालं शेवटी?" कोपऱ्यातली तिसरी ताई मात्र खाली बघून बसली. तिचं स्वतःचं हे ऑपरेशन झालेलं आहे.

बैठकीनंतर मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "माझ्यावर लिहा. फक्त नाव-गाव नको. मी जे लपवलं ते दुसरीनं लपवू नये." म्हणून आजचा आरोग्याचा पाठ तिच्या परवानगीनं. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. वजनाचा विषय मात्र आपण बहुतेक वेळा हसण्यावारी नेतो.

आधी ऑपरेशन समजून घेऊ

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार ऐकायला मिळतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. दुसरा बायपास. यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. हा पोटाचा बायपास, हृदयाचा नव्हे. दोन्हीत पोट लवकर भरतं, भूक कमी लागते आणि बऱ्याच जणांची साखर, रक्तदाब, गुडघेदुखी आटोक्यात येते. हे सडपातळ दिसण्याचं ऑपरेशन नाही. वजनामुळे जिवाला धोका असेल तर तपासण्या करून डॉक्टर ते सुचवतात.

टीव्हीवरच्या त्या बाई म्हणजे इजिप्तच्या इमान अहमद. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांना विमानानं मुंबईत आणलं आणि मार्चमध्ये सैफी रुग्णालयात ऑपरेशन झालं. तेव्हा त्यांचं वजन ५०० किलोच्या आसपास असल्याचं सांगत होते. मे महिन्यात पुढच्या उपचारासाठी त्यांना अबुधाबीला नेलं. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. पण त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि इतरही गंभीर आजार होते. त्यांच्या उदाहरणावरून आपल्या ताईचा अंदाज बांधायचा नाही. आपल्या महाराष्ट्रातले नितीन गडकरी यांनीही २०११ मध्ये वजनाचं ऑपरेशन करून घेतलं आणि त्यानंतर केंद्रात मंत्रिपद सांभाळलं. तेव्हा घाबरायचं कारण नाही, आणि "ऑपरेशन झालं की सुटलो" असंही नाही. खरं काम घरी आल्यावर सुरू होतं.

आपल्या ताईचं काय झालं

वजन ११८ किलो, साखर, दोन्ही गुडघे गेलेले. शिलाई मशीनवर तासभर बसवत नव्हतं. काही सोनं गहाण ठेवलं, गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि दिवाळीनंतर पुण्यात स्लीव्हचं ऑपरेशन केलं. दोन महिन्यांत वीस किलो उतरले. गटात कौतुक झालं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळाची वडी पुढे आली. ती नको म्हणाली. "एवढीशी तर आहे, खा की!" असा चौघींनी आग्रह केला. तिनं घाईत गिळली आणि मागच्या दारी जाऊन ओकली. त्यानंतर कधी भाकरी अडायची, कधी भात, मग पाणीसुद्धा. रोज उलटी. सासूबाई म्हणायच्या, "पैसे देऊन उपाशी राहायचं हे पहिल्यांदाच बघितलं." म्हणून ती घरात खाल्ल्यासारखं करायची आणि गटात सगळं ठीक आहे म्हणायची. कर्ज गटाचं होतं ना, तक्रार करायची कोणत्या तोंडानं?

आता माझी चूक सांगते. तिनं एकदा मला हळूच सांगितलं होतं, "मॅडम, पोटात राहत नाही काही." मी म्हणाले, "सवय होईल ताई, थोडं सहन करा." मला वाटलं, धीर देतेय.

तीन आठवड्यांनी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, एकाचे दोन दिसू लागले. घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात सलाइनसाठी नेलं. सुदैवानं आपल्या सीआरपी ताईंनी ऑपरेशनची फाइल काढून पुण्याच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, "ग्लुकोजचं सलाइन लावायच्या आधी बी-१ चं इंजेक्शन द्या आणि लगेच घेऊन या." त्याच रात्री गाडी करून तिला पुण्याला नेलं. दुर्बिणीच्या तपासणीत कळलं की जठराची नळी एका ठिकाणी अरुंद झाली होती. फुग्यानं ती रुंद केली, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. चाल पूर्ववत व्हायला काही महिने गेले.

म्हणजे जिला आपण "नखरे" म्हणत होतो तिच्या पोटात वाटच अडली होती.

अडणं कुठलं साधं, कुठलं धोक्याचं?

सुरुवातीला घास अडणं, मळमळणं, थोड्यात पोट गच्च होणं बऱ्याच जणींना होतं. बहुतेक वेळा कारण ताटातच असतं: घाईनं खाणं, मोठा घास, कोरडा पदार्थ, जेवताना पाणी. हे सुधारता येतं.

पण खालीलपैकी काही झालं तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा:

- दिवसभर पाणीसुद्धा पोटात न राहणं
- पोटात जोराची कळ, ताप, छातीत धडधड, दम लागणं
- उलटीत रक्त, काळी शी
- एका पायाची पोटरी सुजणं आणि दुखणं
- पायाला मुंग्या, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ

शेवटची खूण विसरू नका. सतत उलट्या झाल्या की बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं आणि मेंदूला, नसांना इजा होते. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य हेच: "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या चालू आहेत, सलाइनच्या आधी बी-१ बघा." फाइलची झेरॉक्स पिशवीत आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

ताट कसं असावं?

पहिले काही आठवडे डॉक्टर पातळ, मग गुरगुट्या, मग मऊ अशा पायऱ्या देतात. त्यांनी दिलेली पायरी ओलांडायची नाही. "एक घास खाल्ला तर काय होतंय" म्हणून टाके भरायच्या आधी भाकरी खाणं धोक्याचं आहे. पुढे नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर हे पाळा:

१. घास शेंगदाण्याएवढा. वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवणाला वीस मिनिटं ते अर्धा तास द्यायचा. छोटी वाटी आणि चहाचा चमचा वापरला की हात आपोआप आवरतो.

२. पाणी वेगळं, जेवण वेगळं. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नको. बाकी दिवसभर घोट-घोट करून दीड-दोन लिटर पोटात गेलं पाहिजे. उन्हाळ्यात शेतात जाताना बाटली बरोबर हवीच.

३. आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी भाकरी. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. मुगाचं कढण, घट्ट वरण, दही, मऊ शिजवलेली मटकी, अंडी, मासे हे आपल्या हातातलं आहे. तरी बेरीज जमली नाही तर डॉक्टर प्रथिनांची पावडर देतात. दुकानात बघून कोणताही डबा आणू नका.

४. भाकरीशी भांडू नका. आपण सोलापूरकर, ज्वारीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. पण कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी हे सुरुवातीला हमखास अडतं. ताजी मऊ भाकरी आमटीत किंवा ताकात पूर्ण भिजवून दोन-चार चमचे खाऊन बघा. आज नाही जमलं तर महिन्याभरानं परत. मोकळा भात, तंतुमय मटण, ताजा पाव हेही असेच अडणारे.

५. गोडापासून सावध. गूळ, पेढा, साखरेचा चहा, थंड पेयं यांनी काहींना, विशेषतः बायपासनंतर, अर्ध्या तासात धडधड, घाम, चक्कर, जुलाब होतात. कधी दोन-तीन तासांनी साखर एकदम उतरते. हळदीकुंकवाला तिळगूळ हातात घ्या, पदराला बांधा, गोड बोला. खाल्लाच पाहिजे असं नाही.

६. उपवास. साबुदाण्याची खिचडी चिकट असते आणि तीत प्रथिनं जवळजवळ नसतात. एकादशी, चतुर्थी, नवरात्र करायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तब्येत सांभाळून दूध-दही घेतलं म्हणून विठोबा रागावणार नाही.

७. गोळ्या जन्मभर. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीवर चहा नको. रक्ताची तपासणी पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील तेव्हा, नंतर दरवर्षी.

८. हे टाळा. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून खाऊ नका, पोटात व्रण होऊ शकतो. तंबाखू आणि मिश्री बंद. दीड वर्ष तरी दिवस राहू देऊ नका. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होऊ शकतो, म्हणून दुसरं साधन विचारा. साखरेची जुनी औषधं जुन्याच डोसनं चालू ठेवू नका.

तीन ते सहा महिन्यांत केस गळतात. बहुतेकींचे परत येतात, पण प्रथिनं आणि लोह तपासून घ्या.

वजन परत चढलं तर?

बैठकीत ती ताई खाली का बघत होती, तर दुसऱ्या वर्षी तिचं सात किलो वजन परत वाढलंय. "गटाचे पैसे वाया घालवले," असं ती मला म्हणाली. वजनकाट्यावर उभं राहायचं तिनं सोडलं होतं, दवाखान्याची तारीखही चुकवली होती.

ताईंनो, सगळ्यात खाली गेलेलं वजन एक-दोन वर्षांनी थोडं वर येणं पुष्कळ जणांना होतं. शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेतं. त्याला नापास होणं म्हणत नाहीत. मात्र कारण शोधायला हवं. आम्ही दोघींनी तीन दिवस ती काय खाते ते वहीत लिहिलं. जेवण बरोबर होतं. पण मशीनवर बसल्या-बसल्या चिवडा, फरसाण, बिस्किटं आणि दिवसात पाच साखरेचे चहा. असे मऊ, कुरकुरीत पदार्थ अडत नाहीत, सहज उतरतात आणि पोट भरल्याचं कळतच नाही. भाकरी अडते म्हणून बिस्किटाकडे वळणाऱ्या खूप जणी आहेत.

आता ती दोन चहा बिनसाखरेचे घेते, फरसाणाचा डबा मशीनजवळून हलवलाय, संध्याकाळी शेजारणीबरोबर अर्धा तास चालते. रविवारी एकदाच वजन. दवाखान्याची नवी तारीखही घेतली. कारण वाढीमागे कधी औषधं, कधी थायरॉइड, कधी जठराची पिशवी सैल होणं असू शकतं, ते डॉक्टरच सांगू शकतात.

आणखी एक. काहींना पूर्वी दुःखात खाण्याचा आधार असायचा. तो आधार गेला की रडू येतं, झोप जाते, मन कशात लागत नाही. तेव्हा टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

गटानं काय करायचं?

आपण कर्ज दिलं म्हणजे तिचं ताट तपासायचा हक्क मिळत नाही. हप्त्याबद्दल बैठकीत बोलू, घासाबद्दल नाही. "किती उतरलं?" याऐवजी "पाणी राहतंय का पोटात? गोळ्या आहेत का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ. आग्रह नको, टोमणा नको. तपासणीला जाताना एखादी बरोबर जा. अडचण खरी असेल तर ग्रामसंघात हप्त्याची मुदत आणि जोखीम निधीचा विषय वेळेत मांडा. कोणी हे ऑपरेशन करायच्या विचारात असेल, तर कर्ज मागताना नुसता ऑपरेशनचा खर्च धरू नका. पुढच्या गोळ्या, तपासण्या, पुण्याच्या फेऱ्या हेही धरा. सरकारी योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

आणि माझ्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी: "सवय होईल" हे उत्तर देऊ नका. "कधीपासून? दिवसातून किती वेळा? पाणी राहतंय का?" हे तीन प्रश्न विचारा आणि फोन लावा.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात आजार लपवणारी कोणी असेल, तर ती का लपवत असेल?
२. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं यांत आपण आग्रह कसा करतो? तो कमी कसा करता येईल?
३. उलट्या थांबत नसलेल्या ताईला दवाखान्यात नेताना कोणती तीन वाक्यं सांगायची? प्रत्येकीनं एकदा म्हणून दाखवा.

ताजी खबर सांगते. त्या ताईनं परवा भाकरीचा चतकोर आमटीत कुस्करून खाल्ला, न अडता. मला फोन करून म्हणाली, "मॅडम, आज भाकरी उतरली." तिचा गटाचा हप्ताही वेळेवर आहे.

आपली,
क्षेत्र समन्वयक, कुर्डुवाडी