परसातील झाडांची छाटणी : केव्हा व कशी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने झाडांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु छाटणी हा एका अर्थी हिशेबाचाच विषय आहे. मुळांनी ओढलेले पाणी व पानांनी तयार केलेले अन्न ही झाडाची मिळकत. ती कोणत्या फांदीवर खर्च व्हावी हे ठरविणे, म्हणजे छाटणी. आमचे कन्नड विभागातील मित्र तिला 'सवरुविके' म्हणतात. मराठी कानाला त्यात 'सावरणे' ऐकू येते, आणि अर्थही फारसा दूर नाही.

मैलूरमध्ये घरामागे थोडी मोकळी जागा असली की जांब, लिंबू, सीताफळ, आंबा यांपैकी एखादे झाड असतेच. त्यावर कुऱ्हाड पडते ती मात्र झाडाच्या सोयीने नव्हे, तर फांदी विजेच्या तारेला लागली म्हणून, किंवा दिवाळीपूर्वी घराला चुना द्यायचा म्हणून. आमच्या गल्लीत एका घरी असाच आंबा दिवाळीच्या आधी चहूबाजूंनी छाटला गेला. माघात शेजारची झाडे मोहरली. या झाडाने फक्त तांबूस कोवळी पालवी काढली. घरच्यांनी दोष दृष्टीला दिला. वास्तविक आंब्याचा मोहर जून झालेल्या डहाळीच्या शेंड्यातून निघतो. ते शेंडेच कापले गेल्यावर मोहर येणार कोठून? आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच, मृगाच्या सुमारास उरकावी, म्हणजे नव्या फुटीला जून होण्यास पावसाळा मिळतो.

तेव्हा कात्री हाती घेण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा की, या झाडाला फळ कोणत्या काडीवर येते?

जांब, म्हणजे पुस्तकातला पेरू, आंब्याच्या अगदी उलट. त्याची फुले चालू हंगामातील कोवळ्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात येतात. जितकी नवी फूट, तितकी फुले. झाड तसेच सोडले तर ते उंच जाते आणि फळे शेंड्याला लागतात, म्हणजे पोपटांची व वटवाघळांची सोय होते. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या फुलांची फळे ऐन पावसाळ्यात पिकतात. ती पाणचट असतात आणि फळमाशीमुळे त्यांत अळ्या पडतात. म्हणून एप्रिलच्या अखेरीपासून मेपर्यंत डहाळ्यांचे शेंडे सुमारे एक तृतीयांश छाटावेत. त्यासोबत हा आंबे बहार जातो; जाऊ द्यावा. जूनच्या पावसाबरोबर नवी फूट व तिच्यावर मृग बहाराची फुले येतात, आणि थंडीत गोड, घट्ट फळ मिळते. घरातील वडीलधाऱ्यांना फुलांसकट डहाळ्या कापणे पटत नाही, हा स्वानुभव आहे. त्यांना पावसाळ्यातला एक जांब चिरून दाखवावा.

द्राक्षाचा वेल परसात क्वचितच दिसतो, परंतु छाटणीचे शास्त्र समजून घेण्यास त्याच्याइतका चांगला गुरू नाही. युरोपात थंडीत वेलीची पाने गळतात, वेल झोपी जातो आणि वर्षातून एकच छाटणी पुरते. आपल्या दख्खनच्या हवेत वेल झोपतच नाही. म्हणून नाशिक, सांगली, सोलापूरपासून विजयपूरपर्यंतचे बागाईतदार वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची ती खरड छाटणी : काडीवर एक-दोन डोळे ठेवून बाकी सारे काढतात. त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच पुढल्या घडांची घडण होते. ऑक्टोबरची ती गोड छाटणी : जातीनुसार काही डोळे राखून काडी कापली की त्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात. मांडवावर वेल चढवून 'नुसता पाला येतो' अशी तक्रार करणाऱ्यांनी या दोन्ही तारखा पाळून पाहाव्यात.

बोर उन्हाळ्यात पाने टाकते, तेव्हाच ते कठोरपणे छाटावे. फळ नव्या फुटीवरच येते. सीताफळाची पाने थंडीत गळतात. नवी पालवी फुटण्याआधी दाटी विरळ करणे पुरे. कागदी लिंबाला तर छाटणी जवळजवळ नकोच. वाळक्या काड्या, सरळ वर धावणारे पाणसोट आणि कलम असल्यास सांध्याखालची फूट, एवढे काढले की झाले. सांध्याखालची फूट खुंटाची असते. ती राहिली तर काही वर्षांत आपल्या हाती भलतेच झाड येते.

आता पद्धतीविषयी. बारीक डहाळी बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपी कापावी. मनगटाएवढी फांदी करवतीने तीन कापांत काढावी : बुंध्यापासून वीतभर दूर खालून अर्धवट एक काप, त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा, आणि उरलेला खुंट शेवटी. असे न केल्यास फांदी स्वतःच्या वजनाने खोडाची साल सोलून नेते. शेवटचा काप खोडाला चिकटून घेऊ नये. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीची फुगीर कडी असते, ती शाबूत ठेवावी. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून पाहून या कडीचे महत्त्व दाखवून दिले. जखम बंद करणारी नवी साल तेथूनच वाढते.

मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. परसातील दोन-तीन झाडांना याचा दहावा भागही पुष्कळ होतो. मोरचूद व चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवावेत आणि मग एकत्र करावेत. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे. लोखंडी बादली मोरचुदाने खाल्ली जाते.