बुडीनंतरचा दिवस

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा माधव अंदमानच्या सहलीचा बेत आखीत होता. शेवटच्या दिवशी स्वराज द्वीपाजवळ बुडी मारून प्रवाळ पाहावयाचे व दुसऱ्या दिवशी सकाळीच विमानाने परतावयाचे, असे त्याने ठरविले.

नौदलातून निवृत्त झालेले मामा म्हणाले, "माधवा, असे करू नकोस. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. त्यामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात अधिक विरघळतो व वर आल्यावर हळूहळूच बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी. सोडावॉटरची बाटली उघडताच बुडबुडे येतात ना? तसेच शरीरात होऊन जीवावर बेतते. मध्ये एक अहोरात्र तरी जाऊ दे."

माधवने परतीचा दिवस बदलला. त्या मोकळ्या दिवशी त्याने सेल्युलर कारागृहाचे दर्शन घेतले.

स्वाध्याय : माधवने परतीचा दिवस का बदलला?