कोल्हा, खोकड आणि लांडगा : श्वानकुळाची ओळख

घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांचा एक गोंधळ नेहमी आढळतो. हिंदी धड्यातील 'लोमडी'ला मराठीत काय म्हणतात असे विचारले, की उत्तर येते 'कोल्हा'. वास्तविक कोल्हा म्हणजे हिंदीतील सियार किंवा गीदड. असीरगडाच्या परिसरातील शेतांतून रात्री ज्याची कोल्हेकुई ऐकू येते, तो हा. लोमडीला मराठीत स्वतंत्र नाव आहे, खोकड. पण दोष मुलांचाच कसा म्हणावा? 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही इसापची गोष्टही मुळात खोकडाचीच आहे!

नावांवरून नाती ठरवता येत नाहीत, म्हणून शास्त्रज्ञ दात, हाडे आणि आता जनुके तपासतात. कुत्रा, लांडगा, कोल्हा व खोकड या चौघांनाही ४२ दात असतात. पहिले तिघे 'कॅनिस' या एकाच प्रजातीत येतात, खोकड मात्र 'व्हल्पिस' या वेगळ्या प्रजातीत. सातपुड्यात मेळघाटाकडे आढळणारा रानकुत्रा, म्हणजेच कोळसुंदा, दिसतो कुत्र्यासारखा, पण त्याच्या खालच्या जबड्यात दोन दाढा कमी असतात. दात ४० भरतात. त्यामुळे त्याची 'क्यूऑन' ही प्रजाती निराळी मानली जाते. मुंबई सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनवरून त्याचे नाव 'कॅनिस दुखुनेन्सिस' असे ठेवले होते. परंतु पालास यांनी १८११ मध्येच त्याचे वर्णन केलेले असल्याने, आधीचे नाव ग्राह्य या नियमानुसार 'आल्पिनस' हेच नाव टिकले. आपल्याकडच्या लांडग्याचे वर्णनही साइक्स यांनी त्याच वर्षी केले.

आणि तरस? चालतो कुत्र्यासारखा, पण तो या कुळातला नव्हेच. त्याचे नाते मांजर व मुंगूस यांच्याशी जवळचे आहे.

श्वानकुळाचा उगम सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत झाला. त्याच्या तीन शाखांपैकी दोन नष्ट झाल्या. उरलेल्या शाखेतील प्राणी ७०-८० लाख वर्षांपूर्वी आशियात आले व जगभर पसरले. कुत्र्याचा पूर्वज कोल्हा असावा असे पूर्वी काहींना वाटे. जनुकीय अभ्यासाने तो वाद मिटवला. किमान १५,००० वर्षांपूर्वी माणसाळलेला, आणि आता नामशेष झालेला, लांडग्यांचाच एक गट हा त्याचा पूर्वज होय.

भारतीय लांडग्याचा वंश जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन वंशांपैकी आहे, असे २०२१ च्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. हा वंश आज धोक्यात आहे, आणि त्याचे एक कारण म्हणजे कुत्र्याशी असलेले हेच जवळचे नाते. पुण्याजवळच्या माळरानावर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसल्याने शंका आली, आणि लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. रेबीज व डिस्टेंपर हे रोगही गावातील कुत्र्यांकडून रानातील या नातलगांकडे जातात, कधी उलटही. म्हणून पालकांनी घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्यावी. शेतात कोल्हा चावला तरी कुत्रा चावल्याप्रमाणेच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.