शाळेचे संकेतस्थळ : फाइलींच्या परवानग्या व एफटीपीच्या अडचणी

पाठाचा हेतू

शाळेच्या संकेतस्थळावर सुटीची सूचना चढवावी आणि पालकांना ती उघडू नये. किंवा चढवितानाच सर्व्हरने नकार द्यावा, हा अनुभव संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षकांना नवा नाही. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो, ‘सर्व फाइलींना ७७७ द्या, म्हणजे चालेल.’ पुष्कळदा ते चालतेही. परंतु किल्ली सापडेना म्हणून कपाटाचे दारच काढून टाकावे, तशातला हा उपाय होय. नकार नेमका कोठे मिळाला हे ओळखावे आणि तेवढीच दुरुस्ती करावी, एवढे एकच तत्त्व या पाठात विशद केले आहे.

तीन पक्ष व तीन अधिकार

भाड्याने मिळणाऱ्या बहुसंख्य सर्व्हरांवर लिनक्स ही कार्यप्रणाली असते. तिच्यातील परवानग्यांची पद्धत बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सकडून आली आहे. या पद्धतीत प्रत्येक फाइलीच्या संबंधात तीन पक्ष मानले जातात : मालक, त्याचा गट व इतर. शाळेच्या दप्तराचीच उपमा घ्यावयाची तर मुख्याध्यापक, शिक्षकवर्ग व गावकरी. प्रत्येक पक्षाला तीन अधिकार देता येतात : वाचणे, लिहिणे व चालविणे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व चालविण्याचा १, असे अंक ठरलेले आहेत.

हेच अंक का घेतले, हे वर्गात विचारण्याजोगे गणित आहे. ४, २ व १ यांपैकी कोणतेही अंक निवडले, तरी प्रत्येक निवडीची बेरीज वेगळी येते. ० पासून ७ पर्यंत आठ बेरजा होतात व एकही दोनदा येत नाही. त्यामुळे ६ दिसले की वाचणे व लिहिणे, ५ दिसले की वाचणे व चालविणे, असा निश्चित उलगडा होतो.

आता ६४४ वाचून पाहावे. मालकाला ६, गटाला ४ व इतरांना ४. म्हणजे मालकाने लिहावे आणि सर्वांनी वाचावे. शाळेच्या सूचनाफलकाचा नियम हाच आहे. म्हणून संकेतस्थळावरील सामान्य फाइलींना ६४४ ही परवानगी बहुधा पुरते. ७७७ म्हणजे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्याही हाती खडू देणे होय.

फोल्डरचा नियम वेगळा

फोल्डरच्या बाबतीत या तीन अधिकारांचे अर्थ बदलतात. वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे. लिहिणे म्हणजे आत नवी फाइल ठेवणे, असलेली काढणे किंवा तिचे नाव बदलणे. ‘चालविणे’ याचा अर्थ येथे उंबरठा ओलांडून आत जाणे असा होतो. म्हणून फोल्डरांना सामान्यतः ७५५ देतात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, फाइलीला ६४४ असूनही वाटेतील एखाद्या फोल्डरला ६४४ दिले गेले, तर उंबरठ्याचा १ नसल्याने वाचक आत जाऊ शकत नाही व ४०३ हा निषेधाचा अंक उमटतो. सर्व गोष्टींना एकाच वेळी ६४४ लावण्याच्या घाईत ही चूक फार होते. फाइलझिलासारख्या साधनात परवानगी फक्त फाइलींना किंवा फक्त फोल्डरांना लावण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी. दुसरी गोष्ट ही की, फाइल पुसता येते की नाही हे सामान्यतः त्या फाइलीच्या नव्हे, तर ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या परवानगीवर ठरते.

एफटीपीचे दोन मार्ग

आपल्या संगणकावरील फाइल सर्व्हरवर नेण्याच्या एफटीपी या रीतीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी मांडला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीत शिकलेले हे गृहस्थ त्या वेळी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये होते. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये या रीतीला आजचे प्रमाण रूप मिळाले.

एफटीपीत दोन मार्ग असतात. आज्ञा देण्याघेण्यासाठी एक, सर्वसाधारणपणे २१ क्रमांकाच्या पोर्टवरून. आणि प्रत्यक्ष फाइल किंवा यादी नेण्यासाठी दुसरा. हे ध्यानात घेतले म्हणजे एक नेहमीचे कोडे उलगडते. नाव व पासवर्ड मान्य होतो, पण फोल्डरांची यादी काही येत नाही. थोड्या वेळाने ४२५ हा अंक दिसतो. पहिला मार्ग खुला व दुसरा बंद, असा त्याचा अर्थ आहे. ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीत दुसरा मार्ग सर्व्हर आपल्या संगणकाकडे उघडू पाहतो व शाळेतील राउटर किंवा फायरवॉल त्याला अडविते. ‘पॅसिव्ह’ पद्धतीत दोन्ही मार्ग आपलाच संगणक उघडतो, म्हणून ती निवडल्याने अडचण बहुधा दूर होते. अशा वेळी फाइलींच्या परवानग्यांना हात लावण्याचे कारणच नाही.

अंक वाचूनच उपाय करावा

सर्व्हर नकार देतो तेव्हा अंक सांगतो. तो न वाचता उपाय करणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे होय. एफटीपीच्या उत्तरात पहिला अंक ४ असल्यास अडचण तात्पुरती समजावी व पुन्हा प्रयत्न करावा. ५ असल्यास कारण शोधल्यावाचून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये.

५३० : ओळख पटली नाही. नाव, पासवर्ड व मोठी-लहान अक्षरे तपासावीत.

५५० : फाइल किंवा फोल्डर सापडले नाही, अथवा त्यावर अधिकार नाही. प्रथम आपण योग्य फोल्डरात आहोत का, हे पाहावे. मग मालक कोण, हे पाहावे.

५५२ : ठरवून दिलेली जागा भरली. जुन्या अनावश्यक फाइली काढाव्यात.

ब्राउझरमध्ये दिसणारे अंक याहून निराळे आहेत. ४०४ म्हणजे त्या नावाची फाइल नाही. लिनक्समध्ये रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर भिन्न मानले जाते, हे येथे आठवावे. ४०३ म्हणजे वाचण्यास मनाई. वाटेतील फोल्डरांची परवानगी क्रमाने पाहावी. आणि फोल्डरचाच पत्ता दिला असल्यास त्यात मुखपृष्ठाची फाइल आहे ना, तेही पाहावे.

मालकीचा प्रश्न

कधी कधी परवानगी योग्य असूनही शिक्षकांना स्वतःच्या शाळेची फाइल पुसता येत नाही. वर्डप्रेससारख्या साधनातून चढविलेली छायाचित्रे काही सर्व्हरांवर संकेतस्थळ चालविणाऱ्या प्रणालीच्या नावे जमा होतात, आणि एफटीपीने येणारा शिक्षक त्यांच्या दृष्टीने ‘इतर’ ठरतो. येथे दोष मालकीचा आहे. सर्व्हर पुरविणाऱ्यांकडून मालकी दुरुस्त करून घ्यावी. ७७७ दिल्यास त्याच सर्व्हरवरील अन्य प्रोग्रामांनाही तेथे लिहिण्याची वाट मोकळी होऊ शकते. काही सर्व्हर तर इतरांना लिहिता येईल असा प्रोग्राम चालविण्यासच नकार देतात, व ७७७ दिल्यामुळेच पान बंद पडून ५०० हा अंक दिसू लागतो.

विद्यार्थ्यांची माहिती

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. ६४४ मधील शेवटचा ४ म्हणजे अवघे जग. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक असलेली यादी संकेतस्थळाच्या फोल्डरात ‘थोडा वेळ’ म्हणून ठेविली, तर तिचा पत्ता कळलेल्या कोणासही ती उतरवून घेता येईल. मुखपृष्ठावर तिचा दुवा नाही, म्हणून ती गुप्त राहिली असे होत नाही. अशी यादी तेथे मुळीच ठेवू नये. गेलेली माहिती परत आणता येत नाही, आणि त्याचा उपद्रव सोसावा लागतो तो मुलांना.

पासवर्डाचेही तसेच. साध्या एफटीपीत तो उघड्या पत्रासारखा प्रवास करतो. म्हणून सर्व्हरवर सोय असल्यास एसएफटीपी किंवा एफटीपीएस हीच रीत निवडावी. क्रोम व फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये एफटीपीचे पत्ते उघडणे बंद केले. त्यामुळे तसा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला नाही, तर तो सर्व्हरचा दोष समजू नये.

कार्यक्रम

अडचण आल्यास पुढील क्रम राखावा. (१) दिसलेला अंक वहीत लिहावा. (२) सर्व्हरपर्यंत पोचलो का, ओळख पटली का, फाइल गेली का, वाचकाला मिळाली का, या चार प्रश्नांपैकी कोणत्यावर गाडी अडली ते ठरवावे. (३) परवानगी बदलण्यापूर्वी जुना अंक टिपून ठेवावा. (४) एका वेळी एकच बदल करून फळ पाहावे. (५) उपयोग झाला नाही, तर जुना अंक पुन्हा लावावा.

स्वाध्याय

१. ६४० या परवानगीत ‘इतर’ पक्षाला काय करता येईल? (काहीही नाही.)

२. प्रवेश मिळाला, परंतु यादी येत नाही. प्रथम काय तपासावे? (पॅसिव्ह पद्धत निवडली आहे काय.)

३. फाइल ६४४, फोल्डर ६४४. पान उघडत नाही. दुरुस्ती कोणती? (फोल्डर ७५५ करावे, फाइल आहे तशी ठेवावी.)

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी ७७७ न लिहिता दिले, त्यांना या पाठाचे मर्म कळले असे समजावे.