मेंडोलिनची दांडी

आमच्या रत्नागिरीच्या घरी माजघरातील खुंटीवर एक मेंडोलिन टांगलेले असे. परसातला जुना फणस वादळात कोसळला, तेव्हा आजोबांनी त्याचे लाकूड जपून वाळविले आणि 1962 साली हे वाद्य आपल्या हातांनी घडविले. फणसाचे लाकूड वाद्यांना नवखे नाही. तंजावरची वीणा त्याचीच करतात.

मेंडोलिन मूळचे इटलीचे. त्याला आठ तारा, पण त्या जोडीजोडीने बसविलेल्या. जोडीतील दोन्ही तारा एकाच स्वरात लावतात; म्हणून एका बोटाने दोन तारा एकदम दाबाव्या लागतात. आजोबांचा पंजा रुंद, आणि दांडीही त्या पंजाच्या मापाची. माझ्या बारा वर्षांच्या बहिणीने ते हाती घेतले, तेव्हा तिचा अंगठा दांडीमागेच अडकून राही, बोटे खर्जाच्या तारांपर्यंत पोहोचत नसत आणि थोड्याच वेळात मनगट भरून येई.

दांडी तासून घ्यावी, असे बाबांनी सुचविले. आजी म्हणाली, “त्यांच्या हातचं आहे ते. कानस लावू नका.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. तासलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही.

शेवटी आजीलाच बरोबर घेऊन आम्ही आंबा घाट चढलो आणि कोल्हापूरमार्गे मिरजेस गेलो. शस्त्रांना धार लावणे हा शिकलगारांचा पिढीजात धंदा. शस्त्रांची मागणी सरली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे आप्त सतारी घडवू लागले. आज मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातात. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

मेंडोलिन हे काही तेथील कारागिरांचे रोजचे काम नव्हे. आम्हांला भेटलेल्या वृद्ध कारागिराने हत्यार उचललेच नाही. “आधी वाजव बाळ,” असे म्हणून तो तिच्या अंगठ्याकडे पाहत बसला. मग त्याने दांडीची जाडी मोजली. पहिल्या पडद्याशी ती 27 मिलिमीटर भरली.

“आठ तारा मिळून सत्तर किलोंच्या आसपास ओढ लावतात,” तो म्हणाला. दांडीत लोखंडी सळई नव्हती. सारा भार एकट्या लाकडावर. पाठ सरसकट पातळ केली, तर दांडी वाकेल, तारा पडद्यांपासून उचलल्या जातील आणि त्या दाबणे पूर्वीहूनही कठीण होईल. म्हणून मधला कणा बहुतेक तसाच राखायचा आणि दोन्ही बाजूंचे खांदे तेवढे उतरवायचे, असे त्याने ठरविले. होडीचा तळ जसा मध्ये खोल आणि बाजूंना निमुळता असतो, तसाच हा आकार. हातात धरल्यावर जाडपणा जाणवतो तो मुख्यतः खांद्यांचा, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

तारा हळूहळू सैल करून त्याने कण्यावर शिसपेन्सिलीची रेघ ओढली, पुठ्ठ्याचा साचा कापला आणि अर्धगोल कानस लांबीच्या दिशेने चालविली. चार हात मारले की थांबे आणि दांडी बहिणीच्या हाती देई. दांडीच्या मुळाशी आजोबांची पटाशी निसटल्याची एक बारीक खूण होती. ती पुसून टाकू का, असे त्याने आजीला विचारले. आजीने मान हलविली. तो भाग त्याने तसाच सोडला.

काचकागदाने घासून व जवसाचे तेल लावून त्याने तारा पुन्हा चढविल्या आणि वाद्य रात्रभर ताणलेलेच ठेवले. सकाळी पट्टी लावून पाहिली. दांडी सरळ होती. कण्याशी जाडी 25 मिलिमीटर उरली होती.

बहिणीची बोटे आता खर्जाच्या जोडीवर सहज पोहोचली. एका पडद्यावर ती जोडी किंचित खरखरत होती. तेवढा पडदा त्याने घासून दिला. परतीच्या वाटेवर वाद्य आजीच्या मांडीवर होते, आणि तिचा अंगठा त्या खुणेवर.